जर्मनच्या पातेल्यातली वाकी

"पोर पायाळू हाये, ही गोष्ट हितंच ठेवून जा बाई. घरी कुणाला सांगू नको," वॉर्डातल्या आया गीताबाई शीलाच्या कानाशी लागून म्हणाल्या होत्या.

शीला तेव्हा दमलेली होती, आनंदात होती आणि बी.एस्सी. होती. आईच्या पोटातून डोक्याऐवजी पायांकडून बाहेर आलेलं मूल म्हणजे पायाळू. त्याला जमिनीत पुरलेलं धन दिसतं, त्यानं लाथ मारली की धरलेली कंबर सुटते, त्याच्यावर वीज पडते, हे सगळं ती लहानपणापासून ऐकत आलेली. रसायनशास्त्र शिकलेल्या बाईनं असल्या गोष्टींना भ्यायचं म्हणजे कमालच झाली.

"मावशी, तुम्हीसुद्धा?" ती हसून म्हणाली. गीताबाईंच्या गळ्यात निळ्या दोऱ्यात बाबासाहेबांचं पदक होतं, म्हणून तिला जास्तच नवल वाटलं. गीताबाई पुढं काही सांगणार होत्या, पण पलीकडच्या खाटेवरून हाक आली आणि त्या गेल्या. का सांगू नको, ते राहूनच गेलं.

मग बारशाला शीलानंच सगळ्यांना सांगितलं. "माझी लेक जगात आली तीच पाय रोवत!" बायका खळखळून हसल्या. पाहुणे जेवून गावोगाव गेले आणि त्यांच्याबरोबर ती गोष्टही गेली.

सहा वर्षं ती कुठंतरी गपचूप बसून राहिली. उठली ती सोळा सालच्या उन्हाळ्यात.

त्या उन्हाळ्यात शहर पाण्यासाठी वेडंपिसं झालं होतं. जालना रोडला नव्या इमारतींचे सांगाडे वर चढत होते आणि पुंडलिकनगरात, शीलाच्या गल्लीत, टँकर आला की घागरींसाठी बायकांच्या झिंज्या धरायच्या बाकी राहायच्या. तिचा नवरा आदिनाथ शेंद्र्याच्या एका कारखान्यात पाळीवर जायचा. करमाडजवळ वस्तीवर सासऱ्यांच्या, मल्हाररावांच्या, बोअरला अजून धार होती. म्हणून ज्ञानेश्वरीला सुट्टीत तिकडं धाडलं.

शीला मुळातच काळजीखोर. सकाळ-संध्याकाळ फोन. पाणी उकळलं का, उन्हात सोडली नाही ना, विहिरीकडं कोण लक्ष ठेवतंय. आदिनाथ चिडवायचा, "एक दिवस तू फोनवरूनच तिचा ताप मोजशील."

एका संध्याकाळी फोन लागलाच नाही, आणि दुसऱ्या सकाळी तिनं खरंच फोनवरून दुखणं ओळखलं.

"आई, पुस्तकातला हत्ती मला दिसतच नाय," ज्ञानेश्वरी म्हणाली.

"दिसत नाही म्हणजे?"

"जवळ धरलं की सगळं पुसून जातंय. आणि उजेड टोचतोय. आई, माझी जीभ लाकडाची झालीय."

"डोळ्यात काय गेलं, माऊ?"

"महाराजांनी काजळ घातलं ना काल. मग मी चांदी शोधली. आजोबांनी मला खांद्यावर घेऊन नाचवलं!"

एवढ्यात सासूबाईंनी, वच्छलाबाईंनी, फोन घेतला. आवाजात आनंद मावत नव्हता. "अगं शीला, पोरीनं कुळाचं नाव काढलं बघ! आपल्या बांधाला जुनं धन निघालं. आज दुपारच्याला महाराज सोन्याची खेप काढणार हायेत. पोरीला कोरड्या हिरीत उतरवायचंय नव्हं, म्हणून न्हाऊ घालतेय."

शीलानं पायात चप्पल कशी घातली तेही तिला कळलं नाही. करमाडकडं जाणाऱ्या प्रवासी जीपमध्ये बसल्या बसल्या तिनं आदिनाथला फोन लावला. तो यंत्रावर होता, लागला नाही. मग गीताबाईंना लावला. लशींच्या तारखा विचारायला घेतलेला त्यांचा नंबर अजून होता.

गीताबाईंनी एकदाही "मी सांगितलं होतं" असं म्हटलं नाही. "डोळं चोळू देऊ नको. चांगल्या पाण्यानं धू. आणि बाहुल्या बघ, उन्हात बारीक व्हत्यात का. नाय झाल्या तर पोर उचल आन् सरळ दवाखान्यात ये. भांडण मागून कर."

वस्तीवर जत्रा भरली होती. वाळून गेलेल्या मोसंबीच्या खुंटांना मोटरसायकली टेकवलेल्या, बांधावर बायकांची रांग, एका गड्यानं भज्यांची कढई मांडलेली. शेजारी चुलीवर जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, मोठ्या पातेल्यात चहाचं पाणी रटरटत होतं. ज्या शिवारात जनावरांना प्यायला पाणी नव्हतं, तिथं धन बघायला आलेल्यांना फुकट चहा होता.

धाकटा दीर बिभीषण मुहूर्ताचं पंचांग हातात घेऊनच धावत आला. "वहिनी! काल तुमी पायजे होत्या! महाराजांनी ज्ञानूच्या डोळ्यात अंजन घातलं, तिचं बोट धरलं आन् गेले चालत. त्या बाभळीखाली पोर मटकन बसली. महाराज म्हणले, खणा! वहिनी, सगळ्या शिवारात पहार मारली तर ठिणगी उडतीय. आन् तिथं कुदळ अशी गेली, जशी लोण्यात!"

"म्हणजे आधी कुणीतरी खणून ठेवलं होतं."

"तसं नसतंय ते. धनाच्या उबंनं माती मऊ पडती. महाराजांनी सांगितलं ना."

खाटेवर तांबडा कपडा अंथरून ते धन मांडलं होतं. काळीकुट्ट चांदी. सरी, तोडे, जोडवी, कमरपट्ट्याचा आकडा, घुंगरांचा झुबका, एक जाडजूड वाकी आणि मूठभर बटणं. लोक लांबूनच हात जोडत होते. खाटेमागं तेजनाथ महाराज बसले होते. भगवी कफनी, डोळ्यांवर गॉगल. गॉगल कशाला, तर म्हणे धनाचं तेज सामान्य माणसाच्या बुबुळाला सोसत नाही, त्यांच्या मात्र थोडंफार सोसतं.

"देखो भाई, धन जिंदा रहता है!" महाराजांची टकळी चालू होती. "धनाला कान असतात, धनाला पाय असतात. देवगिरीच्या यादवांच्या सरदारणीचं हे लेणं. पाठीमागं फौज, पोटाशी लेकरू, तिनं इथं पुरलं. सात पिढ्या वर, सात पिढ्या खाली, राखणदार बसलेला. काल रुपं दिलं, आज सोनं देईल. पर सोनं एकटं नाही येत. चांदीच चांदीला हाक मारते आणि चांदीच्या मागं सोनं चालतं. म्हणून ज्या माऊलीनं अंगावरची चांदी या घटात ठेवली, तिच्या दाराशी सोनं येणार. बस, शक नको. ज्यानं शक घेतला, त्याच्या चांदीचा कोळसा!"

आणि बायका अंगावरचं उतरवून घटात टाकत होत्या. पाऊस नाही, निम्म्या मेंढ्या विकून झालेल्या, धाकटी माणसं कारखान्याच्या गेटवर उभी. आई-आजीकडून आलेली ती चांदी तेवढी उरली होती.

बाभळीच्या सावलीत चटईवर ज्ञानेश्वरी होती. नवा परकर, कपाळाला गुलाल, तोंड लालबुंद. आईला बघून ती हसली, पण हात पुढं केला तो शीलाच्या बाजूला, हवेत. शीलानं तिला उचलून उन्हाकडं वळवलं. पोरीनं डोळे गच्च मिटले, कळवळली. पापणी अलगद वर करून शीलानं पाहिलं. डोळ्यात सगळी काळी बाहुलीच. तळपत्या उन्हातसुद्धा तिळभर बारीक होत नव्हती.

धोत्रा. कॉलेजात प्राध्यापकांनी या झाडाविषयी बजावून सांगितलं होतं. बाहुल्या विस्फारतात, तोंड कोरडं पडतं, अंग तापतं, नसलेलं दिसायला लागतं. जास्त झालं तर जीव जातो.

तिनं मटक्यातलं पाणी घेऊन पोरीचे डोळे धुतले आणि ती वाटेकडं वळली.

"ए बाई! रुक!" महाराज गरजले. "पोरीवर दृष्टी उतरलेली आहे. मध्येच उठवली तर तिचे डोळे जातील आणि सगळ्या गावाच्या चांदीचा कोळसा होईल. मग मला बोलायचं नाही!"

गर्दी वाटेवर सरकली. समोर मल्हारराव उभे राहिले. पटक्याखालचा त्यांचा चेहरा उन्हानं रापलेला, डोळे लाल. "सूनबाई, ठेव पोरीला. थोड्या वेळाचा प्रश्न हाये."

"मामा, तिला विषबाधा झालीय. दवाखान्यात न्यायचंय."

"आभाळानं पाठ फिरवली, सरकारनं फिरवली. धरणीमाय स्वतःहून देतीय, तिला नको म्हणू? आन् मागच्या साली शेंद्र्याकडं रस्ता खणताना मडकं निघालं नव्हतं? ते बी खोटं का?"

"ते खरं होतं, मामा. मी ज्ञानूला घेऊन ते संग्रहालयात बघून आले. ती चांदी हात लावला तर भुगा व्हावी अशी झालेली. हिरवट डाग, कडा खाल्लेल्या. ते धन जेसीबीवाल्याला सापडलं. त्याला कुणी अंजन घातलं नव्हतं."

मागून कुणी हसलं. महाराजांनी गॉगल सावरला. "शिकलेल्या बायकांना सगळं कळतं, भाई! चार बुकं वाचली की धनाची भाषा येते का?"

कडेवर पोर हुंदके देत होती. पण वाट बंद होती, आणि ती उघडायची तर आधी गर्दीच्या डोळ्यांवरची झापड काढायला हवी होती. ती परत फिरून थेट खाटेपाशी आली.

"अंजनानं धन दिसतं ना, महाराज? मग ते काजळाचं डबडं घ्या आणि इथं सगळ्यांसमोर आधी तुमच्या डोळ्यात घाला. माझ्या पोरीला घातलं तेवढंच. मग ही बिभीषणभाऊंच्या हातातली पंचांगाची पानं वाचून दाखवा. वाचलीत तर मी स्वतः विहिरीत उतरते."

"मी पायाळू नाही."

"पायाळू नसलेल्याला धन दिसणार नाही, बरोबर. पण पंचांग तर दिसेल? काजळच आहे ना?"

गर्दीत चुळबूळ झाली. एक म्हातारा म्हणाला, "बरूबर हाये की. घाला महाराज, काजळच तर हाये."

"गुरूची आज्ञा नाही!" महाराज ओरडले, पण डबडं उचलायला गेलेला हात मागं आला. तो सगळ्यांनी पाहिला.

शीलानं बटणं मुठीत घेतली. "मामा, तुमच्या बाराबंदीला बटणं किती?"

मल्हारराव गोंधळले. "बटणं? एक बी नाय. बंद असत्यात. म्हणून तर बाराबंदी."

"तुमच्या आजोबांच्या?"

"तिला बी बंदच."

"मग यादवांच्या सरदाराला चार भोकांची बटणं कोणत्या शिंप्यानं लावून दिली?"

आता हसू उघड फुटलं. पण बायका हसल्या नाहीत. त्यांची चांदी घटात होती, आणि शक घेतला तर कोळसा होणार होता. वच्छलाबाई पुढं आल्या. त्यांच्या दंडावर अजून त्यांची एकुलती एक वाकी होती. यजमानीण म्हणून त्या शेवटी देणार होत्या.

"शीला, असं नको करू. ही धनातली वाकी बघ. हुबेहूब माझ्यावानी घडण. महाराज म्हणले, माई, हे तुझ्याच कुळाचं. आपल्याच वाडवडलांचं नसतं तर इतकं सारखं कसं असतं?"

शीला त्या वाकीकडं बघतच राहिली. खरंच, सारखीच होती. शेकडो वर्षं जमिनीत पडलेली वाकी आणि सासूबाईंच्या आईनं घातलेली वाकी, कडेच्या पिळापर्यंत सारखी. सगळ्या वस्तीनं ही गोष्ट पाहिली होती आणि सगळ्यांनी तिचा अर्थ उलटा लावला होता.

"आत्याबाई, ही जुनी आहे म्हणून काळी नाही. गंधकाचा धूर दिला की चांदी एका दुपारीत अशी होते. थांबा, दाखवते. बिभीषणभाऊ, ते चहाचं आधण चहापत्ती पडायच्या आत इकडं आणा. आणि भजीवाल्या दादांकडून मूठभर खायचा सोडा."

"हात लावू नका! राखणदार चिडेल!"

"चिडला तर मला चावेल," शीला म्हणाली. तिनं पोरीला बिभीषणच्या कडेवर दिलं, वाकीवरची माती पदरानं पुसली आणि जर्मनच्या पातेल्यात, उकळत्या पाण्यात, तिला सोडून दिलं. वर सोडा टाकला. फस्सकन फेस आला. सडक्या अंड्यासारखा वास सुटला, पुढच्यांनी नाकाला पदर लावले.

"हा गंधकाचा वास. चांदीला चिकटलेला गंधक जर्मनचं पातेलं ओढून घेतं. मंत्र नाही, तंत्र नाही. घरी कुणीही करून बघा."

भज्याच्या झाऱ्यानं तिनं वाकी वर काढली. पांढरीशुभ्र. गर्दीतून "आँ?" असा एकच आवाज निघाला. काळोखातून जणू चंद्राची कोर उचलून आणली होती. शीलानं ती गार पाण्यात बुडवून सासूच्या हातात ठेवली.

वच्छलाबाईंनी वाकी फिरवली. आतली बाजू बघितली. आणि त्या खालीच बसल्या.

त्यांच्या माहेरी एक रीत होती. मेंढ्यांच्या कानाला घराण्याची जी खूण करायची, दोन खाचा आणि एक तिरका छेद, तीच खूण लेकीला द्यायच्या चांदीवर आतून कोरून घ्यायची. उजळायला सोनाराकडं दिली तर बदलू नये, म्हणून. पांढऱ्या झालेल्या वाकीच्या पोटात दोन खाचा होत्या आणि एक तिरका छेद.

त्यांनी आपल्या दंडावरची वाकी उतरवली. तिच्याही पोटात तीच खूण.

"आईची जोडी होती," त्या म्हणाल्या. "एक मला दिली. एक साळूला. माझ्या साळूला! भोकरदनकडं दिलेली माझी बहीण. संक्रांतीपासून फोन उचलत नाय. मी म्हणलं, कामून रुसली असंल..."

मग त्या उठल्या. सगळं आयुष्य डोक्यावरचा पदर न ढळू दिलेली ती बाई तांबड्या कपड्यापर्यंत गेली आणि तिनं तो कपडा हिसकला. "सांग मेल्या! यादवांच्या सरदारणीला माझ्या बापाच्या मेंढराची खूण कुणी दिली? माझ्या साळूच्या दंडातून ही तुझ्या मडक्यात कशी आली? सांग!"

महाराज सांगायला थांबले नाहीत. आपल्या जीपकडं निघाले, तेही सावकाश, ध्यानाला बसायचं असल्यासारखे. बायका वाटेत आडव्या आल्या. जीपच्या मागच्या सीटखाली तसाच एक घट निघाला, तसंच तांबडं फडकं बांधलेला. मल्हाररावांनी फडकं सोडलं. आत कोळसा होता.

आता कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. एका गावाची चांदी काळी करून दुसऱ्या गावाच्या बांधावर पुरायची. भुसभुशीत माती, हाताला धरून नेलेलं नशेतलं पोर. मग त्या गावानं घटात घातलेली चांदी जीपमध्ये, आणि गावाच्या हाती कोळसा. वर शिक्का, तुम्हीच शंका घेतली. म्हणजे लुटलेली माणसंच एकमेकांकडं संशयानं बघणार आणि तोंड दाबून बसणार.

"आत्याबाई, पोलीस येईपर्यंत अंजनाचं डबडं सांभाळा," म्हणून शीला पोरीला घेऊन निघाली. या वेळी वाट आपोआप झाली. बिभीषणनं मोटरसायकल काढली, मल्हारराव तिच्या मागं धावत रस्त्यापर्यंत आले. त्यांनी डोक्याचा पटका सोडून पोरीच्या डोळ्यांवर सावलीला बांधला.

दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, वेळेत आणली. बाहुल्या हळूहळू ताळ्यावर येतील. दुसऱ्यांदा घातलं असतं तर सांगता आलं नसतं. आदिनाथ कामाच्या कपड्यांतच धावत आला होता, तो लेकीच्या उशाशी बसून राहिला. गीताबाई सलाईन धरून उभ्या होत्या.

"मावशी, तेव्हा तुम्ही काय सांगणार होतात?" शीलानं विचारलं.

"हेच की, मी भुताखेतांना भीत नाय बाई. माणसांना भिते. पायाळू पोराला काय बी दिसत नाय. पण ते पायाळू हाये हे कळलं, की त्याच्याकडं बघणारे लई निघत्यात."

ज्ञानेश्वरीला पुस्तकातला हत्ती पुन्हा दिसायला लागला, त्या दिवशी वच्छलाबाईंनी बहिणीला फोन लावला. तो उचलेपर्यंत लावत राहिल्या. शेवटी साळूबाईंनी उचलला.

"साळे, तुझी वाकी सापडली. मी रागावले नाय. कुणीच नाय रागावलं."

पलीकडून नुसतं रडणं. शीलानं फोन मागून घेतला. "मावशी, एकच सांगा. तुमच्या गावात अंजन कुणाला घातलं होतं?"

"माझ्या नातवाला. कडुबाला. दोनदा घातलं." मग अगदी हळू, "डोळ्यात फूल पडलंय त्याच्या. लोकांना आम्ही सांगतो, पडला म्हणून."

दुसऱ्या दिवशी आदिनाथ भोकरदनला जाऊन कडुबाला घेऊन आला. डॉक्टर म्हणतात, एक डोळा वाचेल.

शीला आता जर्मनचं एक पातेलं आणि सोड्याची पुडी घेऊन गावोगाव जाते. काळी चांदी पांढरी करून दाखवते. कुणी म्हणतं, देवाधर्माच्या आड येतेस. ती म्हणते, देव तुमच्याजवळ ठेवा, माझं भांडण काजळाच्या डबड्याशी आहे. तुम्हाला कुणी चमत्कार दाखवला तर तो त्याच्यावरच करायला सांगा. नकार आला, की पोलिसांत जा. कायदा आपल्या बाजूनं आहे. लाज वाटायची तर लुटणाऱ्याला वाटू द्या.

आणि तुम्ही, हे वाचणारे, तुम्हाला तिचं एक मागणं आहे. साळूबाई बोलल्या असत्या तर ज्ञानेश्वरीच्या डोळ्यांत ते काजळ गेलंच नसतं, आणि साळूबाईंना कुणी विचारलं असतं तर त्या बोलल्या असत्या. तुमच्या नात्यात, गल्लीत, कुणाच्या तरी बारशात हसत हसत सांगितलेलं एखादं पायाळू पोर असेल. नाव आठवा. आजच जा. त्याला दारात, उजेडात आणा, आणि त्याच्या डोळ्यांत नीट बघून या.